आहेरातले तीन खेळ

चित्रपट शुक्रवारी लागतो हे सगळ्यांना माहीत असते. तो उतरतो केव्हा, हे थिएटरबाहेर फारसे कुणाला माहीत नसते. तो सोमवारी उतरतो. पडद्यावर गुरुवारपर्यंत दिसत राहतो, एवढेच. शुक्रवार, शनिवार आणि रविवारचे आकडे सोमवारी दुपारपर्यंत मालकाकडे आणि वितरकाकडे पोचतात, दोघांचे फोनवर बोलणे होते आणि पुढच्या आठवड्याचा तक्ता ठरतो. लहान चित्रपटाच्या वाट्याला एवढीही औपचारिकता येत नाही. त्याचा खेळ सोमवारीच मोठ्या चित्रपटाला दिला जातो आणि पोस्टर सवड मिळेल तेव्हा काढले जाते.

भिवंडीतल्या एका दोन पडद्यांच्या थिएटरचा व्यवस्थापक म्हणून मी निवृत्त झालो. त्याआधी जिल्ह्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिक बंद पडले आणि त्याच सुमारास थिएटरच्या मालकांना पत्रव्यवहार करणारा माणूस हवा होता. चित्रपटांची आवड हे कारण नव्हते. नोकरीत असताना मी पूर्ण पाहिलेले चित्रपट फार थोडे. व्यवस्थापक पडद्याकडे पाठ करून उभा असतो. त्याला खुर्च्या बघायच्या असतात.

भिवंडीचा शुक्रवार इतर गावांसारखा नाही. इथल्या यंत्रमागांची, म्हणजे लूमची, साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. त्यामुळे इतर ठिकाणी रविवारी होणारी गर्दी आमच्याकडे नव्या चित्रपटाच्या पहिल्याच दिवशी होते. ती तीननंतर. बाराचा खेळ मात्र जुम्याच्या नमाजमुळे जवळजवळ रिकामा जातो. त्या खेळाला आमचे कर्मचारी 'साफसफाईचा शो' म्हणत. मराठी चित्रपटाला, आणि त्यातही ज्यात ओळखीचा चेहरा नाही अशा मराठी चित्रपटाला, आठवडाभर बाराचाच खेळ मिळे. वरच्या लहान पडद्यावर.

त्या खेळाचे कायमचे गिऱ्हाईक म्हणजे झोपायला येणारे कारागीर. रात्रपाळी करून सुटलेला माणूस खोलीवर जातो तेव्हा तिथे गर्मी असते आणि जागाही नसते. तो जेवतो, तिकीट काढतो आणि वातानुकूलित अंधारात झोपतो. ही माणसे नसती तर कित्येक लहान चित्रपटांचा आठवडा पुरा झाला नसता. त्यांतला आझमगढकडचा एक प्रौढ विणकर दर शनिवारी माझ्याकडे येऊन चौकशी करी.

"साहब, अगले हफ्ते ऊपर कौनसी है?"

"मराठी. आर्ट टाइप."

"चलेगी. उसमें शांति रहती है. ये वाली में औरत रोती बहुत है, दो बार नींद टूटी."

एखाद्या चित्रपटाबद्दल इतके नेमके मत मी समीक्षकांकडूनही क्वचित ऐकले आहे.

मोठा हिंदी चित्रपट येतो तेव्हा वितरक अट घालतो. दोन्ही पडदे, सगळे खेळ, नाहीतर चित्रपट मिळणार नाही. मालक मुंबईत राहत. ते वितरकाशी भांडत, आणि भांडून जे उरेल ते म्हणजे वरचा बाराचा खेळ. मेघाचा चित्रपट आला तेव्हा हेच झाले. खाली आणि वर एक मोठा हिंदी चित्रपट चालू होता, त्याचा दुसरा आठवडा होता, आणि वरच्या बाराच्या खेळापुरती मालकांनी मोकळीक मिळवली होती. तीही तात्पुरती.

मेघा ही त्या चित्रपटाची दिग्दर्शिका, भिवंडीजवळच्या कशेळीची. तिच्या घरचे पूर्वी खाडीत रेती काढत. होडीतून बुडी मारायची, तळाशी बादली भरायची, वर यायचे, पुन्हा बुडी मारायची. तिच्या वडिलांनी तरुणपणी हे काम केले होते. पुढे शेतजमिनीवर गोदामे उभी राहिली आणि लोक त्यांना शेठ म्हणू लागले. पाण्याखालच्या दाबाने त्यांचा एक कान गेला होता आणि दुसरा कमी ऐकत होता. मेघाने चित्रपट केला तो अशाच एका बुडी मारणाऱ्या माणसावर. आमच्याकडे चित्रपटांना नावाने ओळखत नाहीत. कर्मचाऱ्यांनी त्याला पहिल्याच दिवशी 'रेतीवाला' म्हणायला सुरुवात केली, म्हणून मीही इथे तेच म्हणतो.

चित्रपट लागण्याच्या काही आठवडे आधी ती माझ्या केबिनमध्ये आली तेव्हा सुरुवातीलाच स्पष्ट बोलली.

"सर, वितरकाने सांगितलंय. भिवंडीत पहिला आठवडा टिकला तर पनवेल, अलिबाग, ठाणे देतो. जिथली गोष्ट आहे तिथेच कुणी बघत नसेल तर पुढे कशाला लावायचा, असं म्हणाला."

"चुकीचं नाही म्हणाला."

"म्हणूनच मला झोप नाही."

झोप नाही हे दिसतच होते. ती बोलताना माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलून ठेवत होती, पुन्हा उचलत होती.

तिच्याकडे एक योजना होती. परदेशातल्या एका महोत्सवात तिची मनिलाच्या एका दिग्दर्शकाशी ओळख झाली होती. त्याची कथा ऐकून मला आमच्याच धंद्याची ऐकतो आहे असे वाटले. फिलिपिन्समध्येही छोटा, स्वतंत्रपणे केलेला चित्रपट पहिल्या दिवशी दुपारी मोजला जातो आणि संध्याकाळी त्याचे खेळ कमी होतात. पडदे ताऱ्यांच्या प्रेमकथांकडे आणि परदेशी मारधाडीच्या चित्रपटांकडे जातात. लोक म्हणतात, आम्ही बघणार आहोत, शनिवारी जाऊ. शनिवारी चित्रपट नसतो. हा दिग्दर्शक स्वतः मॉलमध्ये तिकीट खिडकीपाशी उभा राहून माणसांना आपल्या चित्रपटाकडे वळवत असे. महोत्सवात बक्षीस मिळालेला माणूस.

त्या लोकांनी यावर एक उपाय काढला होता. एखादे कॉलेज, एखादी परिचारिकांची संघटना, एखाद्या चर्चची मंडळी आख्खा खेळ आधीच विकत घेते आणि आपली माणसे घेऊन येते. ते याला ब्लॉक स्क्रीनिंग म्हणतात. मेघाने मला फोनवर एक चित्रफीत दाखवली. भरलेले सभागृह, संपल्यावर उभे राहून टाळ्या, रडणाऱ्या बायका, मध्ये हात जोडून उभा असलेला तिचा मित्र.

"आपल्याकडे तर हे सोपं आहे, सर. आपल्याकडे गावं आहेत."

मला त्यात चूक दिसली नाही. पुढच्या पंधरवड्यात ती गावोगाव हिंडली. आमंत्रण देताना लग्नाचे देतात तशी घरी जाऊन, पाया पडून देत होती. तीन गावांनी एकेक खेळ घेतला. शुक्रवारचा पूर्णा गावाने, शनिवारचा कशेळीला लागून असलेल्या एका गावाने, आणि रविवारचा कशेळीने, म्हणजे तिच्या वडिलांनी पुढाकार घेऊन. छापलेली तिकिटे आम्ही पाकिटांत घालून दिली. सोमवारी मोजले जाणारे तिन्ही दिवस आधीच भरले होते. बुकिंग क्लार्क शोभाताईंनी संगणकावर हाऊसफुल्लच्या तीन लाल चौकटी दाखवल्या आणि म्हणाल्या, "साहेब, वरच्या पडद्याला नजर लागेल."

शुक्रवारी बाराला दहा मिनिटे कमी असताना आवारात एकही गाडी नव्हती. मेघा जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

"पूर्णाच्या रोडवर कंटेनर अडकलेत," ती म्हणाली. "येतील."

कंटेनर रोजच अडकतात. मी खेळ दहा मिनिटे उशिरा सुरू करायला सांगितले. तेवढ्यात एक मोठी गाडी आली. पाच-सहा तरुण उतरले. ते पोस्टरपाशी उभे राहिले, फोटो काढले, मेघाच्या गळ्यात हार घातला, तिच्यासोबत पुन्हा फोटो काढले.

"ताई, एक नंबर! हाऊसफुल्ल! आख्ख्या गावानं स्टेटस ठेवलंय."

"बाकीचे?"

"आहेत ना सगळे. सपोर्ट हाय तुला."

ते गाडीत बसून गेले. आत मेघा, तिचा कॅमेरामन आणि डोअरकीपर एवढे तिघे बसले. मी मागच्या दारातून खुर्च्या पाहिल्या. प्रत्येक खुर्ची विकलेली होती. तिकडे पडद्यावर एक माणूस पाण्याखाली श्वास रोखून होता.

त्या दिवशी मी नमाज, वाहतूक, शुक्रवार अशी कारणे स्वतःला दिली. शनिवारी ती पुरली नाहीत, कारण शनिवारी माणसे आली. चुकीची माणसे आली, म्हणजे ज्यांनी तिकिटे घेतलेली नव्हती ती. पूर्णाच्या तरुणांच्या स्टेटसमुळे असेल, पोस्टरमुळे असेल, अकरानंतर खिडकीपाशी चांगली गर्दी झाली. कॉलेजची मुले होती, सरकारी दवाखान्यातल्या दोन परिचारिका होत्या, आमचे झोपायला येणारे कारागीर होतेच. आणि वज्रेश्वरीहून बसने आलेले एक वयस्क जोडपे होते. नवऱ्याच्या हातात वर्तमानपत्रातले कात्रण होते. तो खिडकीतून आत वाकून म्हणाला, "बाई, मी पण खाडीत होतो. कशेळीलाच. दोन द्या."

शोभाताईंनी संगणकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. एकही जागा शिल्लक नव्हती. विकलेली खुर्ची ज्याने घेतली त्याची असते. तो आला नाही तरी ती दुसऱ्याला विकता येत नाही, आणि बिनतिकीट माणूस आत बसवला तर तो माझ्यावरचा गुन्हा. हे नियम मी पाठ केलेले होते आणि ते चुकीचे नाहीत.

"हाऊसफुल्ल आहे, काका," शोभाताई म्हणाल्या.

"बरं झालं," तो माणूस म्हणाला. खरोखर समाधानाने म्हणाला. बायकोकडे वळून त्याने सांगितले, "भरलंय गं सगळं." मग ती दोघे बसस्टॉपकडे चालू लागली.

विणकराने एवढ्या सहजपणे घेतले नाही. तो मागचा जिना ओळखत होता. वर जाऊन दाराच्या फटीतून बघून आला.

"साहब, अंदर तो कोई है ही नहीं."

"बुक है."

"किसका बुक है? जिन्न का?"

रांगेतले लोक हसले. शोभाताई हसल्या नाहीत. खिडकी बंद करून त्या माझ्या केबिनमध्ये आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"साहेब, ज्याला बघायचाय त्याला मी हाकलते आणि ज्याने घेतलाय तो घरी बसलाय. हा काय प्रकार आहे?"

शोभाताईंचे घर इथल्याच गायत्रीनगरचे. त्यांच्या वडिलांपासून तिघे जण या थिएटरात कामाला होते, आणि खिडकीवरून माणूस परत पाठवणे त्यांना वैयक्तिक अपमानासारखे वाटे. वज्रेश्वरीचे ते जोडपे पुन्हा आले नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. परत पाठवलेल्या माणसांचा आकडा थिएटरच्या कोणत्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

संध्याकाळी मालकांचा फोन आला. ते आकडे वाचत होते.

"दोन दिवस हाऊसफुल्ल. मग समोसे परत का गेले?"

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. तिकिटाचा आकडा फुगवता येतो, कॅन्टीनचा येत नाही. माणूस आत बसला तर मध्यंतरात बाहेर येतोच. जुना मालक आधी समोसे बघतो, मग तिकिटे. मी खरे ते सांगितले.

"म्हणजे तिकडे कुणी नाही," ते म्हणाले. "वितरकाला हे कळलं की तो म्हणेल आकडा बनावट आहे. आणि मोठ्या पिक्चरवाला तो शो मागतोच आहे. उद्या माणसं दिसली पाहिजेत. नाहीतर सोमवारी उतरवू."

मेघा तेव्हा केबिनमध्ये होती. तिने मनिलाला फोन लावला. बोलणे इंग्रजीत झाले, मी एका बाजूचे ऐकले, दुसरी बाजू तिने नंतर सांगितली. मित्र म्हणाला होता, आमच्याकडे लोक यायला तयार असतात, पैसे द्यायला नसतात. पैसे देऊन न येणे आमच्याकडे अजून कुणी शोधून काढलेले नाही.

रविवारी सकाळी मी मेघाबरोबर तिच्या गाडीतून कशेळीला गेलो. सुट्टीचा दिवस असूनही रस्ता ट्रकांनी भरला होता. ती हॉर्न वाजवत नव्हती; एकाच ठिकाणी अडकलो तेव्हा तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकले आणि लगेच उचलले. बाराचा खेळ होता. तो रिकामा गेला असता तर तिचा चित्रपट भिवंडीत संपला असता, आणि वितरकाच्या हिशेबाने सगळीकडेच.

तिचे वडील गोदामाच्या ऑफिसात बसले होते. पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची साखळी, समोर चहा. त्यांनी माझ्यासाठीही चहा मागवला आणि मोठ्या आवाजात बोलू लागले. ते नेहमीच मोठ्याने बोलत, ऐकू येत नसल्यामुळे.

"काय वो मॅनेजर, पैशे पोचले ना?"

"पोचले, शेठ."

"मंग? कमी परले काय?"

"माणसे येत नाहीत."

त्यांना ऐकू आले नाही असे समजून मी पुन्हा म्हणालो. ऐकू आले होते, अर्थ लागला नव्हता.

"माणसा कशाला? आमी मान दिला ना. पूर्णावाल्यांनी दिला, आमी दिला. पोरीचा काम हाय, कोन कमी परनार न्हाय. आता गोदामावर गाऱ्या लागल्यान, त्या टाकून पिक्चर बगाला कोन जानार?"

तेव्हा मला प्रकार कळला, आणि मेघालाही. तिने लग्नासारखे आमंत्रण दिले होते आणि गावांनी लग्नासारखे ते घेतले होते. लग्नाला जाता आले नाही तर आहेराचे पाकीट पोचवतात. पाकीट पोचले की मान पोचला, नाते राहिले. पंगतीत जेवले किती याची नोंद कुणी ठेवत नाही. तीन गावांनी मेघाला मनापासून, आणि पूर्ण, आहेर केला होता. कुणीही तिला फसवले नव्हते. त्यामुळे तिला रागावायलाही जागा नव्हती.

"बाबा, तिकिटं कुठे आहेत?"

"देवीपुरं. कवाच ठेवलीत."

गावदेवीच्या देवळात पाकीट मूर्तीच्या पायाशी होते. उघडलेले, तिकिटांवर हळदकुंकू वाहिलेले, वर एक फूल. मेघाने ते उचलायला हात पुढे केला तेव्हा वडिलांनी मागून ओरडून थांबवले.

"आं! देवीला वाहिलेला परत घेत न्हाईत."

"बाबा, लोक खिडकीवरून परत चाललेत. आत एक माणूस नाही."

"वाहिला त्यो वाहिला."

घड्याळाकडे मी बघत होतो, ती नव्हती.

"नारळ वाहतात, तो कुठे जातो?"

"कंचा नारल?"

"कुठलाही. फोडून वाटतात ना? का देवी खाते?"

देवळात एक म्हातारी बाई वाती वळत बसली होती, ती म्हणाली, "पोरगी बरोबर बोलते रं. परसाद वाटलाच पायजे. ठेवला तर देवीचा कोप व्हईल."

तिने हे देवीच्या बाजूने सांगितले की मेघाच्या, ते मला कळले नाही. शेठनी स्वतः पाकीट उचलले, कपाळाला लावले आणि मुलीच्या हातात दिले. ते आमच्याबरोबर आले मात्र नाहीत. गाड्या लागल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा खेळाला फारच थोडा वेळ होता. शोभाताईंनी खिडकी सोडली आणि आवारात पायरीवर उभ्या राहून तिकिटे वाटली. तिकीट ज्याच्या हातात, खुर्ची त्याची; यात कोणताही नियम मोडत नव्हता. कॉलेजची काही मुले आली होती, खालच्या चित्रपटाचे तिकीट न मिळालेली कुटुंबे होती, कारागीर होते. विणकराने आपले तिकीट उलटसुलट करून पाहिले. बोटाला कुंकू लागले.

"ये प्रसाद है क्या?"

"टिकट है," शोभाताई म्हणाल्या. "जाओ, सो जाओ."

तो झोपला की नाही हे मी सांगू शकत नाही. मध्यंतरात मी कॅन्टीनपाशी उभा होतो. समोसे संपले, मग वडे संपले, मग चहाचे कप. परंतु समोसा खाणारा माणूस चित्रपट पाहतो आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. दुसऱ्या भागात मी नोकरीतली सवय मोडली आणि आत जाऊन उभा राहिलो. पाठीमागची काही मुले फोनवर होती. दोन माणसे घोरत होती. बाकीचे गप्प होते. हे गप्प असणे कंटाळ्याचे की कसले, ते इतक्या वर्षांनीही मला ओळखता येत नाही. मेघा पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात पडद्याकडे पाठ करून, माझ्यासारखीच, खुर्च्या बघत उभी होती.

सोमवारी मालकांनी विचारले, "काल किती जणांनी विकत घेतलं?"

"कुणीच नाही. फुकट वाटली."

"आणि आधी दोन दिवस?"

"विकत घेतलं, आले नाहीत."

"म्हणजे या पिक्चरला स्वतः पैसे देऊन बघणारा एकही माणूस तुमच्याकडे नाही."

होता. आम्ही त्याला परत पाठवला होता. तेही मी सांगितले. मेघाच्या वितरकाला आकडे चांगले दिसत होते, पण आगाऊ विक्री काहीच नव्हती, आणि मोठ्या चित्रपटाचा वितरक त्या खेळासाठी दर तासाला फोन करत होता. शेवटी मालक म्हणाले, "खिडकी उघडी ठेवा. रोज संध्याकाळी मी सांगेन उद्या आहे की नाही." एवढेच मिळाले.

त्या सोमवारी प्रथमच रेतीवाल्याची तिकिटे सुटी विकायला होती. दोन रांगाही भरल्या नाहीत. संध्याकाळी मालक म्हणाले, "उद्या ठेवा. परवाचं उद्या बोलू."

मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला शेठ आले. एकटे, स्वतः गाडी चालवत. चपला जिन्याखाली काढू लागले, मग लक्षात आल्यावर परत घातल्या. खिडकीपाशी गेले.

"किती गेली तिकिटा?"

शोभाताईंनी सांगितले. आकडा लहान होता.

"मंग बाकीची माला द्या. सगली."

"नाही, शेठ."

"पैशे देतो ना बाय!"

"पैसे नकोत. एका माणसाला एकच तिकीट."

असा नियम आमच्याकडे नव्हता. शोभाताईंनी तो त्या क्षणी केला. शेठ माझ्याकडे वळले. मी जाहिरातींच्या बोर्डकडे बघत राहिलो.

"अरे, माझ्या पोरीचा पिक्चर हाय!"

"म्हणूनच," शोभाताई म्हणाल्या. "एक घ्या आणि आत बसा. मागची रांग देऊ का मधली?"

"ऐकू येत न्हाय माला."

"मग पुढची देते. दिसेल तरी."

मेघा वर होती, तिला आम्ही कळवले नाही. खेळ सुरू झाल्यावर मी एकदा दार उघडून पाहिले. शेठ पुढच्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, फोटोला बसतात तसे. मध्यंतरात बाहेर आले नाहीत.

खेळ सुटला तेव्हा खाली तीनच्या हिंदी चित्रपटासाठी रांग लागली होती. शेठ जिना उतरत होते आणि मेघा त्यांच्या मागे. दोघांचे काहीतरी चालू होते. शेठचा आवाज आवारभर ऐकू येत होता.

"त्यो पोरगा पान्याला भितंय! दिसतंय ना! मी असा होतो काय?"

"तो तुम्ही नाही आहात, बाबा. गोष्ट आहे ती."

"मंग कशेळीचा पूल कशाला दावला? आनि आय मेल्यावर त्यो रडत बसतंय. मी रडलो न्हवतो. मी दुसऱ्या दिशी होडीवर होतो."

"म्हणूनच तर त्याला रडू दिलं."

"आं?"

"म्हणूनच! त्याला! रडू! दिलं!" मेघा ओरडली. तिचा आवाज फाटला.

रांगेतले सगळे तिकडे बघत होते. शेठ शेवटच्या पायरीवर थांबले. मग आधीइतक्याच मोठ्याने म्हणाले, "तरी पन पोरगा बारीक हाय," आणि मेघा हसू लागली, आणि त्यांचे भांडण पुन्हा सुरू झाले.

रांगेतल्या एका कारागिराने मला विचारले, "साहब, ये कौनसी पिक्चर का झगड़ा है?"

"ऊपर वाली का. रेतीवाला."

त्याने वर पोस्टरकडे पाहिले. मग शेठकडे.

"ये उसमें है?"

"नहीं. इन्होंने देखी है."

"अच्छी है?"

"झगड़ा तो हो रहा है."

तो हसला. हातातले हिंदी चित्रपटाचे पैसे त्याने तसेच धरले होते. "कल है क्या?"

मालकांचा फोन संध्याकाळी यायचा होता.

"है," मी म्हणालो. "बारह बजे."